गोदामातली मांजरी

दारव्हा तालुक्यातील ज्या गावात मी पशुधन विकास अधिकारी म्हणून काम करतो, तेथील दवाखान्यात जानेवारीत येणारे रुग्ण ठरलेले असतात: हगवण लागलेल्या शेळ्या, खांदा सुजलेले बैल, वार अडकलेल्या गाई. मांजर सहसा कोणी आणत नाही. आजारी मांजर अडगळीत जाऊन बसते, बरे झाले तर आपणहून बाहेर येते आणि नाही झाले तर वासावरून सापडते, हीच गावची रीत. त्यामुळे कडधान्याच्या एका गोदामात हमाली करणारा तरुण तुरीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेली मांजरी घेऊन रांगेत उभा राहिला, तेव्हा शेळ्या धरून बसलेल्या मंडळींत हसू पिकले. “मांजर मरून राह्यली साहेब, नाकातून रगत येऊन राह्यलं,” एवढेच तो म्हणाला.

मांजरी पूर्ण वाढलेली, तिरंगी होती. (तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण काळ्या-तांबड्या रंगाचा भेद एक्स गुणसूत्रावर ठरतो आणि अशी दोन गुणसूत्रे मादीतच असतात.) सुळ्यांवर पिवळी पुटे चढली होती, त्यावरून तिने निदान तीन-चार पावसाळे पाहिले असावेत. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, श्वास जलद होता, पोटाखालच्या कातडीवर निळसर डाग होते आणि तपासणीसाठी बारीक सुई टोचली तेथून रक्ताचा ओघळ थांबेना. साध्या काचेच्या नळीत घेतलेले रक्त बराच वेळ पातळच राहिले. गोदामात उंदरांसाठी काय ठेवता, असे विचारल्यावर त्याने निळ्या वड्यांचा उल्लेख केला. मी त्याला तसाच परत पाठवून पाकीट आणायला लावले.

पाकिटाचा आग्रह धरण्याला कारण होते. आपल्याकडे उंदरांचे औषध म्हणून जी दोन विषे सर्रास वापरली जातात, त्यांतील झिंक फॉस्फाईडची काळी भुकटी पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन वायू तयार करते, काही तासांत जीव घेते आणि तिला उतारा नाही. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाचे काम वेगळे आहे. ते जीवनसत्त्व के पुन्हा वापरात आणणारी यकृतातील प्रक्रिया बंद पाडते, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक हळूहळू संपत जातात आणि उंदीर तीन ते पाच दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. मधल्या दिवसांत तो सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि मांजराला आयता सापडतो. या मांजरीने वडीला तोंडही लावले नसेल. ती आपले काम इमानाने करीत राहिली, एवढेच. पाकिटावर ब्रोमॅडिओलोन वाचले तेव्हा मला हायसे वाटले, कारण याला उतारा आहे आणि तो आहे जीवनसत्त्व के-१. के-३ या नावाने मिळणारे इंजेक्शन येथे कुचकामी ठरते. जनावरांच्या औषधसाठ्यात के-१ नव्हते, परंतु नवजात बाळांना जन्मताच तेच टोचतात हे आठवून मी मेडिकलमध्ये माणूस धाडला आणि कुप्या मिळाल्या. स्नायूत टोचले असते तर तेथेच रक्त साकळले असते, म्हणून सर्वांत बारीक सुईने कातडीखाली दिले.

नवे घटक तयार व्हायला सहा ते बारा तास लागतात आणि दवाखाना संध्याकाळी बंद होतो. गोदामाच्या मालकाने मांजर आमचे नव्हेच, असे फोनवर सांगून टाकले होते. म्हणून गरम पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये निजवून मी तिला निवासस्थानी नेले. सकाळी हिरड्यांवर फिकट गुलाबी छटा होती आणि नाकातील रक्त थांबले होते.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. हे विष यकृतात दीर्घकाळ रेंगाळते, त्यामुळे उतारा साधारण चार आठवडे रोज द्यावा लागतो, आणि त्या काळात उंचावरून मारलेली साधी उडीसुद्धा घातक ठरू शकते. म्हणजे मालक नसलेल्या, माणसाच्या हाताची सवय नसलेल्या प्रौढ मांजरीला एका खोलीत ठेवून रोज औषध पाजायचे होते. धान्याची खोली रिकामी करून तिथे आम्ही राखेची घमेली, पाणी आणि लपायला एक आडवे खोके ठेवले. ती खोक्याबाहेर येत नसे. अन्न रात्री संपलेले दिसे. के-१ स्निग्ध पदार्थाबरोबर चांगले शोषले जाते, म्हणून कातडीसह उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यात ते भरून देत असू. शेजारच्या बाया दूध-भाकर घाला म्हणत, पण मांजराला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य मांसातूनच मिळते आणि मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही. माझ्या पत्नीने तिला हात लावण्याचा प्रयत्नच केला नाही. ती दाराशी बसून तूर पाखडत असे, आणि एके दुपारी मांजरी येऊन सुपाच्या कडेला अंग घासून गेली.

उपचार थांबवल्यावर दोन दिवसांनी तालुक्याच्या प्रयोगशाळेतून रक्त गोठण्याची तपासणी करून घेतली. ती ठीक आल्यावरच रेबीजची लस टोचली आणि पुढे नसबंदी केली.

घर शोधताना सर्वांनी पिल्लूच मागितले. “मोठी मांजर राह्यते का कुठं? पळून जाईन ते,” असे शेळीच्या औषधासाठी आलेल्या एका आजीही म्हणाल्या. त्यांच्या घरात तुरीची पोती उंदीर कातरत होते आणि आजोबांनी त्याच निळ्या वड्या आणल्या होत्या. माझे मत त्यांना स्पष्ट सांगितले: पिल्लू पुढे कसे निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, ही मांजरी माणसाला ओरबाडत नाही, कोंबड्यांकडे पाहत नाही आणि उंदीर मारते, हे सर्व आज माहीत आहे. अट मात्र एकच, घरातील विष बाहेर गेले पाहिजे. आजोबांना ते पटायला वेळ लागला. अखेर त्यांनी धान्य पत्र्याच्या कोठीत भरले, वड्या खड्ड्यात पुरल्या आणि मगच मी मांजरी पाठवली. सोबत आमच्याकडचे न धुतलेले पोतेही दिले, कारण ओळखीच्या वासावर मांजर लवकर स्थिरावते. तीन आठवडे एका खोलीत कोंडून मगच अंगण दाखवायचे, ही सूचना आजींनी माझ्यापेक्षा कडकपणे पाळली.

मांजरी तेथे राहिली. प्रश्न उरला तो कुंपणापलीकडचा. तिचे फिरणे चार घरांवर आणि तेथे विष सुरूच होते. आजोबा दारोदार गेले. एकाने पिंजरा लावायचे कबूल केले. दुसऱ्याने, माझे नुकसान तुमची मांजर भरून देईन का, असे विचारले, आणि त्याच्याही प्रश्नात तथ्य होते. शेवटी एवढे ठरले की तो वड्या ठेवण्यापूर्वी सांगेल. मी आजींना बजावले आहे की वड्या उचलल्या तरी विष खाल्लेले उंदीर पुढचे काही दिवस फिरतच असतात, म्हणून निरोप आला की मांजरीला दोन आठवडे आत ठेवायचे. दवाखान्याच्या कपाटात के-१ च्या कुप्या आता मी स्वखर्चाने ठेवतो आणि त्यांची मुदत दर दिवाळीला तपासतो.