घसरगुंडी किती उंच आहे, हे मी फोनवर का विचारते

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन, माझा घसा तरी वाचेल.

प्रश्न दोन प्रकारे येतो. नुकतंच मूल झालेले विचारतात, "शहरात चार दिवस राहायचंय, मुलांसाठी प्ले एरिया असलेलं बरं हॉटेल कसं निवडायचं?" आणि मला जवळून ओळखणारे विचारतात, "फोटोत प्ले एरिया दिसतोय, साइटवर टिक आहे, तरी फोन करून त्या रिसेप्शनवरच्या पोरीचा जीव का खातेस?" नणंद तर म्हणते, वहिनी हॉटेल बुक करत नाही, तपासणी करते. हसून म्हणते, पण म्हणते.

लहान मूल आणि हॉटेलची एकच खोली यांचं गणित तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे गादीवरच्या उड्या आणि इंटरकॉमची बटणं सोडून देते.

आधी फोटो. वाइड अँगल लेन्सनं काढला तर कोपऱ्यात अंथरलेली सतरंजीसुद्धा मैदानासारखी दिसते. साइटवरची टिक सहसा हॉटेलनंच लावलेली असते, कुणी येऊन तपासत नाही. त्या टिकेमागे गच्चीवरचा एकुलता एक झोका असू शकतो, बेसमेंटमधला बॉल पिट, म्हणजे प्लॅस्टिकच्या चेंडूंनी भरलेला हौद, असू शकतो, नाहीतर रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात एक बुटकं टेबल आणि रंगीत खडूंचा डबा. शहरात हॉटेलांना जागेचा तुटवडा. बँक्वेट हॉल, जिम, पार्किंग झालं की जे उरतं ते मुलांच्या वाट्याला येतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उरलं ते नेमकं कुठे, हे विचारलं तर एवढं हसायचं काय? पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, आणि त्यातही ज्यात मोठं माणूस उभं आहे असा एखादा शोधा. माणसाशेजारी घसरगुंडीची खरी उंची कळते.

मग वेळ. दोन वर्षांचं मूल साडेपाचला टक्क जागं होतं आणि प्ले एरिया दहाला उघडतो. मधले साडेचार तास तुम्ही कॉरिडॉरमध्ये 'शू... लोक झोपलेत' करत फिरता. संध्याकाळी शहर बघून दमून यावं, तर आठला कुलूप. "शनिवारी हॉलमध्ये कार्यक्रम असला तर प्ले एरिया चालू असतो का?" हा माझा लाडका प्रश्न. यावर समोरची व्यक्ती हमखास "मॅडम, जरा होल्ड करता?" म्हणते. किड्स क्लब असेल तर गोष्ट वेगळी; तिथे माणूस नेमलेला असतो, सही करून मूल सोडता येतं. पण अगदी लहानांना तिथेही बहुतेक ठिकाणी आईबापाशिवाय घेत नाहीत, आणि शहरातल्या हॉटेलांत किड्स क्लब तसाही क्वचितच सापडतो.

पाण्याबद्दल मी वाद घालत नाही. जागा वाचवायला पूल आणि प्ले एरिया एकाच गच्चीवर काढलेले असतात, आणि मधे कुंड्यांची रांग. कुंड्या म्हणजे कुंपण नव्हे. चारही बाजूंनी निदान 1.2 मीटरचं कुंपण, आणि आपोआप मिटून आपोआप कडी लागणारं फाटक, एवढं असेल तरच मी पुढे बोलते. बुडणारं लहान मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. "लाइफगार्ड असतो ना मॅडम" असं उत्तर आलं की मी विचारते, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?

आता ती गोष्ट.

पण त्याआधी एक स्पष्ट करते. लोकांना वाटतं, ते घडलं आणि मग मी अशी झाले. नाही. मी आधीपासूनच अशी होते. त्या हॉटेललाही मी फोन केला होता, आणि सगळी उत्तरं चोख मिळाली होती. खेळायची जागा आतल्या हॉलमध्ये, पूल दुसऱ्या टोकाला, खाली जाड रबरी फरशी, सकाळी लवकर उघडणारी, मोठ्यांना बसायला खुर्च्या. गेल्यावर मी घसरगुंडीचे नटबोल्टसुद्धा हात फिरवून बघितले. सगळ्यांवर टोप्या बसवलेल्या होत्या.

लेक तेव्हा दीड वर्षाची. नुकती चालायला लागली होती, म्हणून पाय घसरू नये अशा रबरी तळव्याचे बूट घेतले होते. हॉलमध्ये घसरगुंडी एकच, मोठ्या मुलांच्या मापाची. ही खाली उभी राहून वर बघायची आणि दोन्ही हात उंच करायची. तिचा मामा, माझा धाकटा भाऊ, आमच्याबरोबर होता. त्यानं तिला उचललं, वर चढला, मांडीवर घेतलं. आजी खुर्चीतून म्हणाली, "हां, एकटी नको सोडूस, घट्ट धर." त्यानं घट्ट धरलं. मी खाली मोबाइल घेऊन उभी.

तो व्हिडिओ अजून आहे. पहिल्या फेरीत ती खिदळतेय. दुसऱ्या फेरीत खाली पोचायच्या आधीच "अजून" म्हणतेय. तिसऱ्या फेरीत तिचा उजवा पाय जरासा बाहेर वळतो आणि बुटाचा तळवा घसरगुंडीच्या उभ्या काठाला लागतो. लागतो आणि तिथेच चिकटतो. मामा थांबत नाही. थांबणार कसा, अख्ख्या माणसाचं वजन उतारावर सुटलेलं. मांडी पुढे जाते, पाय मागे राहतो, मग सुटतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतं सगळं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं. हळू करून बघितल्यावर दिसलं.

ती रडली, पण आम्हाला वाटलं, घाबरली. मामानं तोंडं वेडीवाकडी करून हसवायचा प्रयत्न केला. पाय सुजला नव्हता, काळानिळा पडला नव्हता. रात्री जेवताना हातातल्या चमच्याशी खेळत होती. सकाळी गादीवरून खाली ठेवली तर उभी राहीना. बसली, आणि रांगत दाराकडे गेली. घरभर तुरुतुरु चालणारी पोर परत रांगायला लागली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टरांनी नडगीवरून अंगठा फिरवत नेला. एका जागी ती किंचाळली. त्यांनी विचारलं, "घसरगुंडी का? कुणाच्या मांडीवर होती?" एक्स-रे अजून काढायचा होता. मग काढला. नडगीच्या हाडात केसाएवढी बारीक तिरकी रेघ. अशी मुलं आमच्याकडे येत असतात, म्हणाले. प्लॅस्टर घालताना मामा बाहेर बाकावर बसून होता. आत बोलावलं तरी आला नाही.

नंतर मी शोधत बसले. शोधत बसणं हा माझा स्वभावच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 2017 च्या परिषदेत यावर एक अभ्यास मांडला गेला होता. 2002 ते 2015 या काळात त्या एका देशात सहा वर्षांखालची सुमारे साडेतीन लाख मुलं घसरगुंडीवर जखमी झाली असा त्यांचा अंदाज. दुखापतींत सर्वाधिक, 36 टक्के, हाड मोडण्याच्या, आणि त्याही बहुतेक गुडघ्याखाली. वयांत सगळ्यात जास्त प्रमाण 12 ते 23 महिन्यांच्या मुलांचं. कारण साधं आहे. मूल एकटं असेल आणि बूट अडकला तर त्याच्या वजनाला तेवढा अटकाव पुरतो, ते थांबतं. मांडीवर असेल तर मागून मोठ्या माणसाचं वजन रेटतं आणि सगळा जोर त्या एका पायावर येतो. जपण्यासाठी मांडीवर घ्यायचं आणि मांडीवर घेतल्यानंच हाड मोडायचं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आता मी सगळ्यांना सांगते, तर म्हणतात, ही घाबरवते.

आणि मग तो प्रश्न येतोच: "पण यात हॉटेलचं काय चुकलं?"

काही नाही. घसरगुंडी भक्कम होती. वयाची पाटीही होती, 3 ते 12. खुद्द भाऊच म्हणतो, "ताई, तू हॉटेलवाल्यांना उंची विचारत बसतेस, पण घेऊन बसलो होतो मी." त्यानं असं म्हटलं की मला ते सहन होत नाही. कदाचित त्याच्या माथ्यावरचं ओझं दुसरीकडे कुठेतरी ठेवावं म्हणूनच मी जागेला दोष देत असेन. नवरा हे एकदा मला तोंडावर बोलला. मी नाही म्हटलं नाही.

तरीही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत मैदानावरच्या खेळांसाठी वयाचे तीन गट आहेत: 6 ते 23 महिने, 2 ते 5 वर्षं, 5 ते 12 वर्षं. आणि या गटांच्या जागा वेगवेगळ्या ठेवा असं त्यात सांगितलंय. त्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात गुडघ्याएवढी प्लॅस्टिकची घसरगुंडी असती, तर लेक स्वतः चढली असती, पोटावर घसरली असती, आणि मामा शेजारी जमिनीवर फतकल मारून बसला असता. मूल मांडीवर येतं, कारण त्याच्या उंचीचं तिथे काहीच नसतं. 'सर्व वयोगटांसाठी' असं लिहिलेली जागा प्रत्यक्षात सहा वर्षांच्या मुलाची असते. म्हणून मी विचारते: सगळ्यात बुटकी घसरगुंडी केवढी आहे? हा माझा मुद्दा कधी मला पटतो, कधी निव्वळ सबब वाटतो. दोन्ही दिवस येतात.

लेक व्हायच्या आधी मी याच विषयावर लोकांना उलटा सल्ला द्यायचे, हेही कबूल करून टाकते. म्हणायचे, हॉटेलच्या प्ले एरियाचं कसलं कौतुक, शहरात सार्वजनिक बागा असतात, बागेला लागून असलेलं साधं हॉटेल घ्या. ती जी मी होते, तिचं अगदीच चुकत नव्हतं. बागेत झाडं असतात, माती असते, दुसरी मुलं असतात, आणि हॉटेलच्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता तुमचं पोर एकटं झोक्यावर कंटाळत असतं. पण तिला पाऊस माहीत नव्हता. पहाटेचे साडेपाच माहीत नव्हते. एक मूल झोपलंय, दुसरं भिंतीवर चढतंय, आणि रस्ता ओलांडून बागेत न्यायला मोठं माणूस एकच, हे तर तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. कधी ती जिंकते.

खरं सांगायचं तर प्ले एरियापेक्षा खोलीनं माझं जास्त डोकं खाल्लंय. मूल साडेसातला झोपलं की आईबाप अंधारात, नाहीतर बाथरूममध्ये दिवा लावून टबच्या काठावर बसून कुजबुजतात. त्यावर उपाय मधल्या दारानं जोडलेल्या दोन खोल्यांचा. पण "कनेक्टिंग रूम मिळेल" आणि "कनेक्टिंग रूम दिलेली आहे" यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्याचा अर्थ चेक-इनच्या वेळी नशिबात असेल तर. हिल्टन या हॉटेलांच्या साखळीनं 2021 मध्ये बुकिंग करतानाच अशी खोली पक्की करायची सोय दिली, तेव्हा ती बातमी मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली होती. शेजारच्या खोल्या आणि आतून जोडलेल्या खोल्या यांत गल्लत करू नका. शेजारच्या म्हणजे नुसत्या शेजारच्या, मधे भिंत.

खिडकी किती उघडते, बाळाच्या कॉटचे गज पक्के आहेत का, गादी कॉटमध्ये घट्ट बसते का, हे दोन मिनिटांचं काम आहे. पोचल्या पोचल्या करून टाका.

बॉल पिटबद्दल विचारू नका, प्लीज. 2019 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सहा फिजिओथेरपी क्लिनिकांमधले बॉल पिट संशोधकांनी तपासले आणि त्या चेंडूंवर बॅक्टेरियांची भरपूर वस्ती सापडली. तीही क्लिनिकांत! हॉटेलं त्याहून स्वच्छ असतील असं मानायला मला काही कारण दिसत नाही. "बाहेर सॅनिटायझर ठेवलाय" म्हणतात, पण उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, हात साबणानंच धुवावे लागतात. म्हणून मी विचारते, वॉशबेसिन किती लांब आहे? एवढं सगळं माहीत असून मी लेकीला बॉल पिटमध्ये सोडते. दर वेळी सोडते. ती त्यात गळ्यापर्यंत बुडून "आई, मी कुठेय?" ओरडते, आणि मला सापडत नसल्याचं नाटक करावं लागतं.

येत्या सुट्टीचं बुकिंग अजून व्हायचंय. दोन हॉटेलं उरली आहेत. एकाचा प्ले एरिया झकास, लहानांचा कोपरा वेगळा, पण दहाला उघडतो आणि खोली एकच. दुसऱ्याकडे प्ले एरिया नावालाही नाही, पण कनेक्टिंग रूम पक्की आणि मागच्या फाटकाबाहेर बाग. नवऱ्याचं मत पहिल्याला, माझं दुसऱ्याला, लेकीचं ज्यात बॉल पिट असेल त्याला. मामा पण येतोय. त्याला विचारलं तर म्हणाला, तुम्ही ठरवा, मी बाकावर बसेन. मी त्याला सांगितलं, बाकावर बसायचं नाही, जमिनीवर बसायचं, तिच्या उंचीला. त्यावर त्यानं अजून काही उत्तर दिलेलं नाही, आणि पहिल्या हॉटेलच्या रिसेप्शनवरची पोरगी घसरगुंडी मोजून सांगते म्हणाली होती, तिचाही फोन यायचाय.