उकुलेलेची टॅब आणि स्ट्रमिंग: वाचायला शिकताना

उकुलेले या छोट्या गिटारसारख्या चार तारांच्या वाद्यावर दोन-चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, धरता येऊ लागले, तरी गाण्यांच्या कागदावर येणारे दोन प्रकारचे लेखन मला वाचता येत नव्हते. चार आडव्या रेघांवर मांडलेले आकडे, म्हणजे टॅब्लेचर किंवा सर्वांच्या तोंडी असलेली टॅब, हा त्यातला पहिला प्रकार. आणि खाली-वर जाणाऱ्या बाणांची रांग, म्हणजे स्ट्रमिंगचा, तारांवरून हात फिरवण्याचा, पॅटर्न, हा दुसरा. टॅब बोट कोठे ठेवायचे ते नेमके सांगते, पण तार केव्हा छेडायची याविषयी बहुतेक वेळा गप्प राहते. पॅटर्नचे याच्या उलट असते: हात केव्हा फिरवायचा एवढेच तो सांगतो, डाव्या हाताशी त्याला काही देणेघेणे नसते. म्हणून दोन्ही गोष्टी प्रथम स्वतंत्रपणे शिकायच्या आणि मगच एकत्र आणायच्या, असे मी ठरवले.

टॅबच्या चार रेघा म्हणजे उकुलेलेच्या चार तारा. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांत त्या सामान्यतः जी, सी, ई, ए अशा लावतात. उजव्या हाताने वाजवणाऱ्याने वाद्य छातीशी धरले की जी तार सर्वांत वर आणि ए तार जमिनीच्या बाजूला येते. टॅबमध्ये मात्र ए तारेची रेघ सर्वांत वर आणि जी तारेची सर्वांत खाली काढलेली असते. ही मांडणी उलटी वाटते, पण वाद्य मांडीवर उताणे ठेवून वरून पाहिले की तिचा उलगडा होतो, कारण तेव्हा जी तार आपल्या पोटाजवळ आणि ए तार दूर असते आणि समोर दिसते ते चित्र तंतोतंत टॅबसारखे असते. सुरुवातीला मी प्रत्येक ओळ वाचण्यापूर्वी वाद्य असे आडवे करून पाहत असे, आणि नवशिक्याने तसे करण्यात काहीही कमीपणा नाही. या बाबतीत एकमत पूर्वीही नव्हते. सोळाव्या शतकातल्या ल्यूट या युरोपीय तंतुवाद्याच्या इटालियन टॅब्लेचरमध्ये सर्वांत उंच सुराची तार सर्वांत खालच्या रेघेवर लिहीत, तर स्पेनमध्ये लुईस मिलान यांनी १५३६ साली विहुएला या गिटारसारख्या वाद्यासाठी छापलेल्या संगीतात ती आजच्यासारखी सर्वांत वर आहे.

रेघेवरचा आकडा फ्रेटचा, म्हणजे वाद्याच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घराचा असतो, बोटाचा नव्हे. शून्य म्हणजे तार मोकळी सोडायची, दोन म्हणजे दुसऱ्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या किंचित अलीकडे दाबायची. एकाखाली एक लिहिलेले आकडे एकदम वाजवायचे आणि शेजारी शेजारी लिहिलेले एकामागून एक. माझ्या वाचनाची सुरुवात सी मेजर स्केलने, म्हणजे सी पासून वरच्या सी पर्यंत चढणाऱ्या सुरांच्या क्रमाने झाली, आणि त्याहून चांगला पहिला धडा मला सुचत नाही: सी तारेवर शून्य आणि दोन, ई तारेवर शून्य, एक आणि तीन, ए तारेवर शून्य, दोन आणि तीन. आठ सूर, तीन तारा, आणि तिसऱ्या फ्रेटच्या पलीकडे हात नेण्याची गरजच नाही.

या स्केलमध्ये जी तार कोठेच येत नाही, आणि त्याचे कारण समजल्यावर टॅबकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. गिटारमध्ये तारा खर्जाकडून उंच सुरांकडे क्रमाने चढत जातात. उकुलेलेची जी तार मात्र सी आणि ई या दोघींपेक्षा उंच सुराची असते, इतकी की मोकळी जी तार आणि ई तारेचा तिसरा फ्रेट यांतून एकच सूर निघतो. १८७९ मध्ये मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज स्थलांतरित हवाई बेटांवरच्या होनोलुलूला उतरले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या लहान तंतुवाद्यांपासून उकुलेले घडले. त्याचा आकार माशेत या वाद्यावरून आला आणि जुळणी पाच तारांच्या रजाओवरून, असे मानले जाते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की टॅबमध्ये खालची रेघ म्हणजे खालचा सूर हे गृहीत धरता येत नाही. आकडे रेघांवरून खाली उतरताना दिसत असले तरी कानाला चाल वर चढताना ऐकू येऊ शकते. त्यामुळे टॅबच्या चित्रावरून चालीचा अंदाज बांधण्यापेक्षा ती आधी गुणगुणून पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. काही वादक जी तार जाड बसवून खालच्या सुराला लावतात; अशा वाद्यासाठी लिहिलेली टॅब नेहमीच्या वाद्यावर वाजवली तर आकडे बरोबर असूनही सूर सप्तकभर वर उडी मारतो. म्हणून कागदाच्या माथ्यावर जुळणी लिहिली आहे का, हे आधी पाहावे.

कॉर्डचे चौकटीतले चित्र आणि टॅब यांचे नाते मला कोणी सांगितले असते, तर बराच वेळ वाचला असता. कॉर्डच्या चित्रात तारा उभ्या असतात, डावीकडून उजवीकडे जी, सी, ई, ए अशा, आणि वाद्याचे डोके वरच्या बाजूला असते. तेच चित्र डावीकडे पाव फेरी वळवले की टॅब तयार होते: डोके डावीकडे, ए तार वर, जी तार खाली. म्हणूनच सी कॉर्ड ०००३, ए मायनर २०००, एफ २०१० आणि जी ०२३२ असा आकड्यांत लिहिलेला दिसला, तर ते चार आकडे टॅबमध्ये खालून वर वाचायचे. ए मायनरवरून एफवर जाताना जी तारेवरचे बोट न उचलता ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर केवळ तर्जनी टेकवावी लागते, हे आकड्यांच्या तुलनेतूनच दिसते. टॅबमधली उरलेली चिन्हे, म्हणजे हॅमर-ऑनसाठी (वाजत्या तारेवर बोट आपटणे) एच, पुल-ऑफसाठी (बोट ओढून उचलणे) पी, स्लाइडसाठी (बोट तारेवरून सरकवणे) तिरकी रेघ आणि दाबलेल्या मुक्या तारेसाठी फुली, ही जसजशी भेटतील तसतशी शिकली तरी चालतात.

स्ट्रमिंगने मात्र माझी खरी परीक्षा घेतली. चार मात्रांच्या एका मापात प्रत्येक मात्रेचे दोन भाग करून 'एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि' असे मोजायचे; आकड्यावर हात खाली जातो आणि 'आणि'वर वर येतो. हा हात घड्याळाच्या लंबकासारखा अखंड हलत राहिला पाहिजे, आणि पॅटर्न केवळ एवढेच ठरवतो की आठ हालचालींपैकी कोणत्या वेळी नख तारांना लागेल आणि कोणत्या वेळी ते हवेतून जाईल. नवशिक्यांना सर्वत्र शिकवला जाणारा पॅटर्न 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर' असा आहे. बाण सहा आहेत, पण हालचाली आठच: पहिल्या मात्रेनंतरचा 'आणि' रिकामा जातो आणि तिसऱ्या मात्रेवर हात तारांना न लागता खाली येतो. सहा बाण पाठ करून वाजवणाऱ्याचा हात नेमका याच तिसऱ्या मात्रेपाशी थबकतो, कारण लागोपाठ दोन 'वर' आले की मधला खाली जाण्याचा प्रवास कागदावर दिसतच नाही. माझ्या मते नवशिक्यांसाठीच्या कागदावर ही रिकामी जागा ठिपका देऊन छापायला हवी. मी माझ्या कागदांवर पेन्सिलीने तसे ठिपके काढले, आणि पॅटर्न पाठ करण्याऐवजी तो मोजणे मला तेव्हापासून जमू लागले.

डाव्या हाताची बोटे तारांवर अलगद टेकवून त्या मुक्या करायच्या आणि केवळ लय वाजवायची, हा सराव मला सर्वांत उपयोगी पडला. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवला की हाताच्या दर सेकंदाला दोन हालचाली होतात. ही गती कंटाळवाणी वाटण्याइतकी संथ असते आणि म्हणूनच योग्य असते. खाली जाताना तर्जनीचे नख आणि वर येताना तिचाच मऊ भाग तारांना लागतो, मनगट सैल राहते, आणि हात ध्वनिछिद्रावर नव्हे तर मान जेथे धडाला मिळते त्या भागावर फिरतो. मापाच्या शेवटच्या 'वर'च्या वेळी बोटे उचलून पुढच्या कॉर्डकडे निघाली आणि क्षणभर मोकळ्या तारा वाजल्या, तरी ते खटकत नाही. लय टिकवण्यासाठी अनुभवी वादकही हा मार्ग सर्रास वापरतात, आणि कॉर्ड पूर्ण धरला जाईपर्यंत हात थांबवण्यापेक्षा तो निःसंशय चांगला.

दोन्ही लिप्या एकत्र आल्या तेव्हा आधी बाणांनीच अडवले. पॅटर्नच्या कागदावर खाली जाणारा हात खालच्या बाणाने दाखवतात. टॅबच्या रेघांवर काढलेला बाण मात्र कित्येकदा तारांचा क्रम दाखवतो, आणि हात खाली जाताना आधी जी व शेवटी ए तार वाजत असल्यामुळे तोच बाण टॅबमध्ये वर तोंड करून उभा असतो. त्यामुळे टॅबमध्ये बाण दिसला की तो कोणत्या तारेपासून निघतो ते मी आधी पाहते.

सध्या मी चाल आणि कॉर्ड एकाच वेळी वाजवायच्या रचना वाचते आहे. त्यांत एकावर एक रचलेल्या आकड्यांपैकी सर्वांत वरचा आकडा बहुधा चालीचा असतो, आणि हात खाली जाताना ए तार शेवटी वाजत असल्याने तो सूर आपोआप कानात राहतो. चाल ई तारेवर उतरली की टॅबमधली सर्वांत वरची रेघ रिकामी राहते. अशा वेळी हाताने तीन तारा छेडून ए तारेच्या अलीकडेच थांबायचे असते, आणि तरीही पुढच्या 'आणि'वर लय न चुकवता वर यायचे असते. माझ्याकडून हे अजून मेट्रोनोमच्या संथ ठोक्यांवरच होते.