अंदमानात गळ टाकायचा तर मुक्काम कुठे करावा?

अंदमानला मासे गरवायला जायचं ठरलं तेव्हा पहिला वाद मुक्कामावरून झाला. घरातल्या सगळ्यांना हॅवलॉक बेट हवं होतं. राधानगरचा किनारा, पांढरी वाळू, झाडांखालच्या खोल्या, फोटो बघूनच सगळे हरखले होते. काकांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "खोली कशी आसा ता माका नको. पाणी खंय व्हाता ता सांग गो."

काकांचं आयुष्य मालवणजवळच्या देवबागला गेलं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी वाळूची पट्टी. संगमावर ओहोटी लागली की पाण्याची ओढ कुठे वळते आणि मासा कुठल्या काठाला तोंड करून उभा राहतो, हे त्यांनी मला मी शाळेत असताना शिकवलं. त्या एका प्रश्नावर मी पुढचे कित्येक दिवस नकाशे घेऊन बसले. त्यातून जे हाती लागलं आणि तिथे राहून जे पटलं, ते इथे लिहिते.

आम्हाला हवा होता जायंट ट्रेव्हली. गळवाल्यांच्या बोलीत जीटी. हा मासा खडपाच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या, धारेवर, पाणी जिथे आदळून उसळतं तिथे शिकार करतो. त्याच्यासाठी पॉपर फेकायचा, म्हणजे पाण्यावर "भुस्स" आवाज करणारा लाकडी किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. दिवसभर फेकत राहायचं, खांदे भरून येतात. त्यामुळे बोटीने जायचा वेळ कमी आणि खडपाजवळचा वेळ जास्त, हे माझं पहिलं माप.

दुसरं माप वाऱ्याचं. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत ईशान्येचा वारा असतो आणि बेटांची पूर्व बाजू खवळलेली राहते. हॅवलॉक पूर्वेलाच आहे. तिथून निघालात आणि वारा सुटला तर आडोसा शोधत फिरावं लागतं. याउलट दक्षिण अंदमानच्या टोकाला, चिडियाटापूला, बेट संपतं. वारा पूर्वेचा असेल तर पश्चिमेच्या आडोशाला जा, पश्चिमेचा असेल तर पूर्वेला या. दोन्ही बाजू हातात. समोरच रटलँड बेट आहे, त्याच्या पलीकडे सिंक बेटं. चिडियाटापू पोर्ट ब्लेअरपासून रस्त्याने साधारण 25 किलोमीटर. म्हणून मी मुक्काम शहर आणि चिडियाटापू यांच्या मधल्या पट्ट्यात घेतला. (2024 पासून पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, पण बोटीवर सगळे जुनंच नाव घेतात.)

वाऱ्यासाठी मार्च-एप्रिल मला सर्वांत उजवे वाटतात. समुद्र तेलासारखा पडलेला असतो, लांबच्या उथळ्यांवरही जाता येतं. मे संपता संपता नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो, मग विषयच संपला.

महिना ठरला की तिथी बघायची. यावर काका आणि मी दोघंही अडून बसलो होतो आणि याचं मला समाधान आहे. जीटीला पाण्याची जोरदार ओढ हवी असते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण असलं की खडपावरून पाणी जोरात वाहतं, बारके मासे ओढले जातात आणि मोठा मासा वर येतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तेच पाणी सुस्तावतं. खोल पाण्यात जिग, म्हणजे धातूचा जड खोटा मासा, सोडून मासा धरायचा असेल तर मात्र भांगच बरं. ओढ कमी असली की जिग सरळ खाली जाते. आमचा मुक्काम पौर्णिमेच्या दोन दिवस आधी सुरू झाला आणि उतरत्या उधाणात संपला, त्यामुळे आधी पॉपर आणि शेवटी जिग असा क्रम आपोआप लागला. एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा हिशोब आपल्या किनाऱ्यापुरता आहे. तिथे पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टकच बघायचं.

घड्याळाचंही तसंच. अंदमान इतकं पूर्वेला आहे की मार्चमध्ये साडेपाचच्या आत उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडतो. पहाटे पाचला जेट्टीवर हवं. हॉटेलवाल्याला साडेआठच्या नाश्त्याची सवय असेल तर ते हॉटेल तुमच्या कामाचं नाही. आमच्या गेस्टहाउसच्या बाईंनी चार वाजता डबा भरून दिला, तेवढ्यासाठीसुद्धा मी तिथे परत जाईन.

शहराजवळ राहण्याचं आणखी एक कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. काकांचं वय झालंय आणि पॉपरचे हूक माणसाच्या बोटाएवढे असतात. फेकताना एखादा मनगटात घुसला तर काय? बेटांवरचं मोठं सरकारी रुग्णालय, गोविंद बल्लभ पंत रुग्णालय, पोर्ट ब्लेअरमध्ये आहे. हॅवलॉकवरून तिथे यायचं तर आधी फेरी. खासगी बोटीला दीड तास आणि सरकारीला त्याहून जास्त. आम्ही हुकांच्या टोकामागच्या उलट्या काट्या पक्कडीने दाबूनच टाकल्या होत्या. त्याने मासाही लवकर सुटतो आणि माणूसही.

बोटीवाला आंध्रातून आलेल्या कोळ्यांच्या घरातला. काका त्याला पहिल्याच दिवसापासून "तांडेल", म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणायला लागले आणि त्याला तो शब्द आवडला. बोट ठरवताना मी त्याला फोनवर पहिलं विचारलं, की राखीव पाण्याच्या सीमा तुझ्या जीपीएसवर आहेत का. वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि हॅवलॉककडचं राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान इथे गळ टाकायचा नाही. सिंक बेटंही अभयारण्यात येतात, त्यामुळे तिथे गळ टाकायचा प्रश्नच नाही. नॉर्थ सेंटिनेल या आदिवासींच्या राखीव बेटाच्या आसपास तर फिरकायचंच नाही. जो बोटीवाला या प्रश्नावर "सब चलता है" म्हणतो त्याच्याबरोबर मी जाणार नाही. मोठा हेकरू, म्हणजे जायंट ग्रूपर, कायद्याने संरक्षित आहे. गळाला आलाच तर पाण्यातच सोडायचा, वर उचलायचाच नाही.

जीटी आम्ही सोडूनच दिले. काकांना हे सुरुवातीला पटत नव्हतं. आपल्याकडे गरवलेला मासा चुलीवर जातो. पण एवढा मोठा, म्हातारा मासा एकदा त्या खडपावरून गेला की त्याची जागा भरायला किती वर्षं लागत असतील, हे ते स्वतःच बोलले, संगमावरचे मोठे तांबोशी कसे दिसेनासे झाले त्याची आठवण काढत. खाण्यापुरता एक लहान कुपा (ट्यूना) ठेवला. काकांनी घरून तिरफळं आणि सोलं आणली होती. गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात त्यांनी कुप्याचं तिखलं केलं आणि बाईंनी तिरफळाचा वास घेऊन दोन मुठी मागून घेतल्या. तुम्ही आणलेला मासा शिजवू देतात का, हे खोली घेण्याआधी जरूर विचारा.

हॅवलॉकला आम्ही गेलो, पण शेवटी, रॉड पॅक करून. तिथे समुद्रात डुंबायला जावं. घरच्यांचंही मन राखलं गेलं. दिगलीपूर मनात होतं, पण उत्तरेला रस्त्याने जायचं तर सुमारे तीनशे किलोमीटर आणि मधे जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याबरोबर जावं लागतं. जाण्या-येण्यातच दोन दिवस गेले असते आणि उधाण संपलं असतं. लिटल अंदमानसाठीही तेच, फेरीत बराच वेळ जातो.

खारफुटीच्या खाड्यांत जिताडा मिळतो म्हणून कुणी पाण्यात उतरायला सांगेल. उतरू नका. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. बोटीतूनच फेका.

आता क्रम. आधी तिथी, मग बोटीवाला, मग खोली आणि सगळ्यात शेवटी विमान. लोक बरोबर उलटं करतात आणि भांगाच्या पाण्यात खांदे मोडून घेतात. विमानं बहुतेक चेन्नई किंवा कोलकात्यावरून. रॉड दोन तुकड्यांची आणि जाड पाइपात घातलेली असावी. हूक आणि पॉपर चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेतून ते सुरक्षा तपासणीत काढून घेतात. आणि परतीच्या विमानाआधीचा दिवस बोटीसाठी आधीच धरू नका, मोकळा ठेवा. वाऱ्याने एखादा दिवस खाल्ला तर तो भरून काढायला तेवढी जागा लागते, आणि नाही खाल्ला तर चॅथमची जुनी लाकूड गिरणी आणि सेल्युलर जेल बघायला तोच दिवस कामी येतो.