९ व्होल्टच्या पेडलला ५ व्होल्ट दिल्यावर: माझा अनुभव

उतरलेल्या सेलवर फझ (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायचा डबा) जास्त गोड वाजतो, ही गिटारवाल्यांमधली जुनी समजूत. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. सप्लाय कमी केला की काही पेडलचा आवाज खरंच बदलतो, काहींना पत्ताही लागत नाही आणि काही सरळ बंद पडतात. कोण काय करेल हे सर्किटचं बायसिंग (सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर किती व्होल्टवर बसवलाय ते) बघून बरंचसं आधीच सांगता येतं.

सुरुवात सगळे करतात तशीच केली: सप्लायच्या वायरमध्ये एक पॉट (फिरवून रोध कमी-जास्त करायचा नॉब). गोम अशी की त्या पॉटवर किती व्होल्ट पडणार, हे पेडल किती करंट ओढतं यावर ठरतं. दोन ट्रान्झिस्टरचा सिलिकॉन फझ फेस (फझचं एक जुनं सर्किट) जेमतेम १ मिलिअँपिअर घेतो; त्याला ९ वरून ६ व्होल्टवर आणायला ३ किलोओहम लागतात. ५ मिलिअँपिअर घेणाऱ्या ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या) डिस्टॉर्शन पेडलला तेवढ्यासाठी ६०० ओहम पुरतात. त्यामुळे १० किलोओहमचा एकच पॉट फझवर छान फिरतो आणि डिस्टॉर्शनवर जरा हलवला की पेडल गप्प. (जुन्या झिंक-कार्बन सेलचा अंतर्गत रोधच आवाज गोड करतो, असं सांगतात; ते कौतुकही इथेच संपतं. काही दहा ओहमवर १ मिलिअँपिअर म्हणजे व्होल्टचे काही शंभरावे हिस्से. फझला जाणवतं ते उतरलेलं व्होल्टेज.)

एलईडी हा दुसरा घोळ. तो एकटाच २-३ मिलिअँपिअर खातो, म्हणजे फझच्या दुप्पट-तिप्पट. पॉट १ किलोओहमवर असताना बायपासमध्ये (पेडल बंद, एलईडी विझलेला) मीटर ८ व्होल्ट दाखवतो. पाय ठेवला, एलईडी लागला की आकडा ६ च्या आसपास. एलईडीची वायर पॉटच्या आधी अडॅप्टरच्या बाजूला जोडली, तेव्हा हे थांबलं. पॉटनंतर पेडलच्या बाजूला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही हवा. नाहीतर जास्त गेनच्या पेडलमध्ये स्टेजेस (सिग्नल वाढवणारे टप्पे) सप्लायमधून एकमेकींना सिग्नल देतात आणि मोटारबोटीसारखी फटफट सुरू होते.

एकाच डब्यातून वेगवेगळी पेडल तपासायची, तर पॉट सोडून रेग्युलेटर (करंट बदलला तरी व्होल्टेज ठरलेलं ठेवणारी आयसी) घ्यावा. मी एलएम३१७ वापरला: आउट आणि अ‍ॅडजस्टमध्ये २४० ओहम, अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला ४७० ओहम आणि १ किलोओहमचा लिनिअर पॉट सिरीजमध्ये. सूत्र १.२५ × (१ + खालचा रोध ÷ २४०), म्हणजे रेंज सुमारे ३.७ ते ८.९ व्होल्ट. ९ च्या फारसं वर जातच नाही, हे मुद्दाम. इनपुटला १०० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा. या आयसीला स्वतःला दीड-दोन व्होल्ट लागतात, म्हणून इनपुट १२ व्होल्टचा. पॉटची मधली टांग एका कडेच्या टांगेला जोडून टाकावी. पुढेमागे वायपर (मधल्या टांगेचा सरकता संपर्क) उचलला गेला तर सर्किट उघडं न पडता व्होल्टेज ८.९ वर थांबतं. उघडं पडलं तर पेडलला १० च्या वर मिळतील.

दोन चुका इथे हमखास होतात. एलएम३१७ च्या पाठीचा धातूचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, ग्राउंडला नाही. तो स्क्रूने अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याला आवळला की आउटपुट शॉर्ट. दुसरी चूक पोलॅरिटीची, म्हणजे प्लस-मायनस उलटे लागण्याची. सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्टचा अडॅप्टर मधे प्लस असतो, आणि बहुतेक पेडलना मधे मायनस लागतो. आउटपुटच्या जॅकची बाहेरची कडा प्लस होणार, ती धातूच्या डब्याला टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून तो जॅक प्लॅस्टिकचाच घ्यायचा.

आता फझ. (ट्रान्झिस्टरला तीन टांगा: बेसवर सिग्नल, कलेक्टर आणि एमिटरमधून करंट.) सिलिकॉन फझ फेसमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा एमिटर पहिल्याच्या बेस-एमिटर व्होल्टेजला, म्हणजे ०.७ च्या आसपास, बांधलेला असतो. एमिटरखाली १ किलोओहम, म्हणून त्याचा करंट जवळपास ठरलेला आणि कलेक्टरच्या रोधावर पडणारे व्होल्टही जवळपास ठरलेले. सप्लायमधून जितके काढाल, ते बहुतेक सगळे कलेक्टरच्या वाट्याचे जातात. ट्रिमपॉटने (आतल्या छोट्या पॉटने) ९ वर कलेक्टर ४.५ ला बसवला, तर ७ वर २.७, ५.५ वर १.३ आणि ५ वर ०.९ च्या आसपास. ७ ला आवाज एका बाजूने कापला जातो, थोडा खरखरीत होतो. ५ ला ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट झालेला (सताड उघडा अडकलेला) असतो. त्याला तिथून बाहेर काढण्याइतका मोठा सिग्नल असेल तेवढाच वेळ नोट ऐकू येते. जोरात मारलेली तार वाजते आणि शेपूट न सोडता कापल्यासारखी तुटते. मला आवडलेली जागा ५.४ ते ५.८. त्याखाली नुसती थुंकाथुंकी. झेडवेक्स कंपनीच्या फझ फॅक्टरी पेडलवरचा ‘स्टॅब’ नॉब मुळात हेच काम करतो.

जर्मेनियम पीएनपी (उलट पोलॅरिटीच्या) ट्रान्झिस्टरचे फझ बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंडचे, म्हणजे ग्राउंडला प्लस जोडलेले असतात. त्यांना वेगळा, आयसोलेटेड सप्लाय द्यायचा, इतर पेडलच्या साखळीत जोडायचं नाही.

ट्यूब स्क्रीमर या सौम्य डिस्टॉर्शनच्या पेडलने निराशा केली. तिथे क्लिपिंग (सिग्नलची टोकं कापणं) फीडबॅकमधले डायोड अर्ध्या-पाऊण व्होल्टवरच करून टाकतात, ४५५८ या ऑप-अँपला पूर्ण सप्लाय वापरायची वेळच येत नाही. ६ पर्यंत फरक शोधावा लागतो. ५ च्या खाली वेगळीच भानगड: बायपासचं काम करणारा जेफेट (स्विच म्हणून वापरलेला ट्रान्झिस्टर) पूर्ण बंद व्हायला त्याची गेट ही टांग सोर्स या टांगेच्या दोन-तीन व्होल्ट खाली लागते, आणि मधला रेफरन्सच (सप्लायच्या निम्मा) २.५ वर आलेला असतो. बंद वाटेतून सिग्नल झिरपतो. टीएल०७२ या ऑप-अँपच्या पेडलमध्ये इनपुट निगेटिव्ह रेलजवळ (सप्लायच्या मायनस टोकाजवळ) गेला की आउटपुट उलटतो आणि कचकच ऐकू येते; त्यात संगीत काही नाही.

पीटी२३९९ या आयसीचे डिले (प्रतिध्वनीची पेडल) आत ५ व्होल्टचा रेग्युलेटर घेऊन बसलेले असतात. ७ पर्यंत काहीच बदलत नाही, त्याखाली रेग्युलेटर हात टेकतो. एमएन३२०७ या आयसीचा कोरस ४ व्होल्टपर्यंत चालतो, पण बायसचा ट्रिमर दर वेळी पुन्हा लावावा लागतो, नाहीतर आवाज फाटतो. डिजिटल पेडलला हा डबा लावूच नये. आतला प्रोसेसर मधेच रिसेट होतो, आणि स्विचिंग कन्व्हर्टर असेल तर व्होल्टेज उतरताना तो उलट जास्त करंट ओढतो.

बायपासचा तो ८ सोडला, तर सप्लायचे आकडे सगळे पेडल जोडून, एलईडी लागलेला असताना, पेडलच्या आतल्या सप्लायच्या टोकांवर घेतलेले. आवाजाची तुलना करताना दर वेळी व्हॉल्यूम परत जुळवला, कारण व्होल्टेजबरोबर लेव्हलही पडते आणि मंद आवाज कानाला ‘मऊ’ वाटतो.