चार मिलिमीटरचा तुकडा आणि दोन भिंती

रूट कॅनाल करताना कॅनालमध्ये, म्हणजे दाताच्या मुळातल्या बारीक पोकळीत, ती साफ करणारी सुईसारखी फाईल तुटली की हात आपसूक पुढच्या फाईलकडे जातो. तो आवरा आणि हँडलला लागून राहिलेला तुकडा आधी नीट बघा. तो कचऱ्यात टाकू नका, आत काय राहिलंय ते त्यावरूनच कळतं. २५ मिमीची फाईल मोजल्यावर २१ भरली, तर आत ४ मिमी आहे. २५ नंबरची, ६ टक्के टेपरची (टोकापासून वर जाड होत जाण्याचं प्रमाण) असेल तर टोक ०.२५ मिमी, आणि दर मिलिमीटरला ०.०६ वाढत ४ मिमीवर ०.४९. म्हणजे आतल्या तुकड्याचं डोकं जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद. पुढची सगळी मापं या आकड्यावर बेतायची.

तुटलेल्या कडेजवळ पीळ उलगडलेले दिसले तर टोक अडकलं आणि वरून मोटर फिरवत राहिली, असं समजा. पीळ जसेच्या तसे असतील तर फाईल वळणावर थकून तुटली आहे, तार मागेपुढे वाकवून तोडतो तशी. अशा फाईलवर आदल्या दिवशी काहीही दिसत नाही. म्हणून ‘चांगली दिसते, अजून एक केस निघेल’ हा हिशेब घातक.

सगळ्यात नेहमीचं उदाहरण घेऊ: खालची पहिली दाढ, मेसिओबकल (पुढच्या मुळातला, गालाकडचा) कॅनाल, तुकड्याचं डोकं मुळाच्या मधल्या भागात, वळण सुरू होतं तिथे. एक्स-रे दोन कोनांतून घ्या. सीबीसीटी (दाताचा त्रिमितीय स्कॅन) काढलात तर भिंतीची जाडी तिच्यावर मोजा; तुकड्याची मात्र नको, धातूभोवतीच्या चकाकीमुळे तो आहे त्यापेक्षा जाड दिसतो.

रबर डॅम, म्हणजे दात तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावलेला असतोच. बाकीच्या कॅनालची तोंडं कापसाने किंवा टेफ्लॉनने बंद करा. सुटलेला तुकडा उडून शेजारच्या कॅनालमध्ये पडला, तर एवढी मेहनत करून तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

आता भिंतींचं. या मुळाचं वळण मागे, डिस्टल बाजूला असतं. तीच बाजू दोन मुळांच्या मधल्या खाचेकडे तोंड करून आहे आणि तिथेच डेंटिन (मुळाची भिंत ज्याची असते तो दाताचा कठीण भाग) सगळ्यात पातळ, पुष्कळदा जेमतेम एक मिलिमीटर. त्यामुळे वरून सरळ रस्ता करताना गेट्स ड्रिल (कॅनालचं तोंड रुंद करणारं बारीक ड्रिल) मेसिअल, म्हणजे पुढच्या भिंतीकडे दाबून, बाहेर येताना कापत चालवा. तुकड्याच्या डोक्याशी ओटा, म्हणजे सपाट पायरी, करायची ती टोक छाटून सपाट केलेल्या गेट्स ड्रिलने, ३०० आरपीएमच्या आसपास. ३ नंबर ०.९० मिमीचा: डोक्याभोवती ०.२० मिमी मोकळं मिळतं, दिसतंही छान. पण या मुळात मी २ नंबरवर, म्हणजे ०.७० वर थांबा असंच म्हणेन. भोवती ०.१० मिमीच उरतं, मायक्रोस्कोपखाली डोळे ताणावे लागतात. मात्र छान दिसण्याची किंमत पुढे मुळाला पडणाऱ्या उभ्या चिरेने मोजावी लागू शकते.

गंमत अशी, की अल्ट्रासोनिक टिप (कंपनाने कोरणारं बारीक टोक) चालवायची ती नेमकी त्या पातळ, वळणाच्या आतल्या बाजूला. निकेल-टायटॅनियमचा, म्हणजे फाईलच्या लवचीक धातूचा, तुकडा सरळ व्हायला बघतो आणि वळणाच्या बाहेरच्या भिंतीला रेलून बसतो. बाहेरून कोरलं तर तो त्या खड्ड्यात आणखी मागे रेलतो. आतून कोरलं तर सुटायला जागा मिळते. म्हणून बारीक टिप, कमी पॉवर, आणि तुकड्याच्या आतल्या अंगाने अर्ध्या वर्तुळाची अरुंद चर. पूर्ण वेढा नको, आणि खोली तुकड्याच्या साधारण एक तृतीयांशापुढे नको.

हे काम कोरड्यात चालतं, कारण दिसायला हवं. काही सेकंद टिप, मग हवेचा फवारा, भुकटी उडवा, चकाकणारा ठिपका पुन्हा शोधा. सलग चालवलीत तर मुळाचा बाहेरचा पृष्ठभाग तापतो; तापमान १० अंश वाढलं की हाडाला धोका. टिप तुकड्याच्या डोक्यावर टेकवू नका. निकेल-टायटॅनियम कंपनाने पुन्हा तुटतं, आणि चारचे तीन झाले की डोकं आणखी खोल जातं. पॉवर वाढवून दाबलं तर टिपच तुटते. मग दोन तुकडे काढत बसा.

दिशा: नेहमीची फाईल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कापते, म्हणून टिप उलटी फिरवत न्यायची. वेव्हवन, रेसिप्रोक या कंपन्यांच्या मागेपुढे फिरणाऱ्या फाईलचे पीळ उलटे. तिथे टिप काट्यांच्या दिशेने. घाईत हे विसरलं तर आपणच स्क्रू आवळत बसतो.

तुकडा हलायला लागला की कॅनाल ईडीटीएने (डेंटिन मऊ करणारं द्रावण) भरा आणि आता ओल्यातच चरीत टिप हलकेच वरखाली करा. बरेचदा तो टुणकन वर येतो. सक्शनमध्ये गेला तर तुम्हाला कळणारही नाही, म्हणून ‘निघाला’ म्हणण्याआधी एक एक्स-रे. हलतोय पण येत नाही, असं लांब तुकड्यांचं होतं, साधारण साडेचार मिमीच्या पुढे. तिथे डोकं पाऊण मिलिमीटर मोकळं करून बारीक तारेचा फास टाकून ओढा. नळीत धरून ओढण्याच्या पद्धती सरळ, जाड मुळांसाठी ठीक. या मुळात त्या नळीपुरतं खोदायलाच परवडत नाही.

पाऊण तासात हलला नाही तर थांबा. बायपास, म्हणजे तुकड्याच्या बाजूने वाट, बघा: ८ किंवा १० नंबरची के-फाईल (हाताने चालवायची बारीक फाईल), शेवटचा एक मिलिमीटर वाकवलेला, ईडीटीए, मनगटाने चावी दिल्यासारखी मागेपुढे. वाट मिळाली तर पुढचं सगळं हाताच्या फाईलने. त्या फटीत रोटरी (मोटरवर फिरणारी फाईल) घातली की दुसरा तुकडा. पण बायपासच्या आधी त्याच मुळातला जिभेकडचा, मेसिओलिंग्वल कॅनाल तपासा. दोन्ही खाली एकत्र होत असतील तर टोकापर्यंतची सफाई तिकडून होते आणि तुकड्याचा विषयच संपतो.

यातलं काहीच जमलं नाही, तर तुकड्यापर्यंत साफ करून भरणं ही हार नव्हे. दाढ दुखवतो तो जंतू, धातू नव्हे. २००५ मध्ये स्पिली, पराशोस आणि मेसर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तुकडा राहिलेल्या दातांपैकी ९१.८ टक्के बरे झाले, न राहिलेल्यांपैकी ९४.५. आधीच मुळाशी गाठ असलेल्यांत फरक वाढतो: ८६.७ आणि ९२.९. तेव्हा गाठ असेल आणि फाईल सफाईच्या सुरुवातीलाच तुटली असेल, तर काढण्यासाठी जास्त झटा. सफाई होत आली असताना तुटली असेल तर डेंटिन वाचवा.

पेशंटला त्याच दिवशी सांगा. त्यांच्या भाषेत ती ‘सुई’ असते आणि ‘सुई आत राहिली’ ऐकून लोक घाबरतात, म्हणून एक्स-रे समोर धरून दाखवा. केसपेपरवर फाईलचा नंबर, टेपर, तुकड्याची लांबी, कोणता कॅनाल, सफाई कुठवर झाली होती, हे सगळं लिहा. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी, मग वर्षाने. तेव्हा दाढ कदाचित दुसऱ्याच कोणाच्या खुर्चीत असेल. त्याला हा कागद लागेल.