बेबीआत्या आणि मारबुर्गचे डॉक्टर

मारबुर्ग हे जर्मनीतलं लान नदीकाठचं गाव. डोंगराच्या उतारावर चढत गेलेलं, १५२७ पासून विद्यापीठ असलेलं. विद्यार्थी आणि पेन्शनर भरपूर, त्यामुळे पुणेकराला परकं वाटत नाही. इथे एका डॉक्टरांचं नाव रस्त्यावर, कारखान्यांच्या परिसरात, सगळीकडे दिसतं. एमिल फॉन बेरिंग. वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल १९०१ साली त्यांना मिळालं, ते घटसर्पावरच्या, म्हणजे डिप्थेरियावरच्या, सीरमबद्दल.

आमच्या घरात घटसर्प हा शब्द एकाच वाक्यात यायचा. "बेबी घटसर्पानं गेली." पुढे कुणी काही बोलायचं नाही.

बेबी म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण त्या काळी पेठेतल्या प्रत्येक वाड्यात एक बेबी आणि एक बाळ असायचाच. नऊ वर्षांची होऊन गेली. नक्की साल विचारलं तर बाबा म्हणतात, पानशेतच्या आधी. जुने पुणेकर अजूनही काळ असाच मोजतात, पुराच्या आधी आणि पुराच्या नंतर.

त्या पुरातच तिचा एकुलता एक फोटोही गेला. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, खाली खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि नदी नारायण पेठ, शनिवार पेठेत शिरली. आमचं बिऱ्हाड नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. आजोबांनी मुलांना पर्वतीकडे पिटाळलं आणि ते स्वतः निघाले ते देव आणि रेशनकार्ड घेऊन. ट्रंक राहिली. ट्रंकेत लग्नातली शालू-पैठणी, आजोबांची सर्टिफिकिटं आणि बेबीचा फ्रॉकमधला फोटो. पाणी ओसरल्यावर वाड्याच्या जागी चिखल आणि वासे होते. त्यामुळे आत्या दिसायला कशी होती हे मला माहीत नाही. कुणी म्हणतं तुझ्यासारखी, पण गेलेल्या मुलीबद्दल असं म्हणायची पद्धतच असते.

ती गेली भोंडल्याच्या दिवसांत. घसा धरला, ताप आला, गळ्यात करडा पापुद्रा दिसला तेव्हा डॉक्टरांनी इस्पितळात पाठवलं. इंजेक्शनं झाली, पापुद्रा सुटला, ती घरी आली. पेज प्यायला लागली. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, पोरीला उठू देऊ नका. पण चौकात पाटावर हत्ती मांडलेला, मुलींनी फेर धरलेला आणि बेबी आत खाटेवर. आजी खिरापतीचा डबा घेऊन बाहेर गेली. बारा वर्षांचे बाबा तिच्याजवळ बसले होते. बेबी म्हणाली, दार उघड, मला नुसतं बघायचंय. बाबांनी उघडलं. ती उठून उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच कोसळली.

त्यानंतर आमच्याकडे भोंडला झाला नाही. मात्र त्या दिवसांत आजी एकदा खिरापत करायचीच. वाटली डाळ बहुतेक वेळा. डबा न वाजवता, ओळखायला न लावता शेजारच्या मुलींच्या हातावर घालायची आणि हात धुवायला मोरीत जायची. मला ते विचित्र वाटायचं. खिरापत ओळखायची नसेल तर ती नुसती डाळच की!

बाबांचा अपराध असा कुणी त्यांच्यापाशी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. आजीला तिच्या जावा म्हणायच्या, "तू बाहेर कशाला गेलीस?" आणि बाबा गप्प राहायचे, कारण दार त्यांनी उघडलं होतं.

इथे मारबुर्गला आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, मुलांच्या वॉर्डात जन्म काढलेल्या नर्स. एकदा चहा पिताना बेरिंगचा विषय निघाला आणि मी बोलून गेले, आत्या इथे जन्मली असती तर वाचली असती. त्या जवळजवळ हसल्याच. म्हणाल्या, सीरम निघालं १८९० च्या सुमारास, पण युद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, युरोपात घटसर्पाचे दहा लाखांच्या आसपास रुग्ण होते आणि पन्नास हजार मेले असा अंदाज आहे. सीरम हा नंतरचा इलाज. खरी वाचवते ती लस.

मग मी त्यांना दाराची गोष्ट सांगितली. कपात साखर ढवळावी तितक्या सहज त्यांनी समजावलं. घटसर्पाचे जंतू घशातच राहतात, पण त्यांचं विष रक्तातून हृदयापर्यंत जातं. सीरम मोकळं फिरणारं विष मारतं. जे हृदयाच्या स्नायूत शिरलं ते शिरलं. घसा मोकळा होतो, मूल खायला मागतं, घरचे निश्चिंत होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हृदय दगा देतं. झोपून राहा म्हणायचं ते त्यासाठीच. पण झोपून राहिलेली मुलंही जायची, त्या म्हणाल्या, रात्री, झोपेत. आम्ही ते सगळं पाहिलेलं आहे.

बेरिंग मारबुर्गला १८९५ मध्ये आले, १९०४ मध्ये इथे सीरमचा कारखाना काढला आणि १९१७ मध्ये इथेच वारले. घोड्यांना थोडं थोडं विष टोचायचं आणि त्यांच्या रक्तातून औषध काढायचं, असा तो उद्योग. हे वाचताना पूनावालांचे घोडे आठवणारच. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांच्या स्टडफार्मवरचे घोडे सीरमसाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, त्यातूनच १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगभरच्या मुलांना टोचली जाणारी, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची त्रिगुणी लस आमच्या वाड्यापासून पीएमटीच्या बसनं जाता येईल इतक्या अंतरावर तयार होऊ लागली. सरकारी लसीकरणात ती आली १९७८ मध्ये. आत्याच्या हिशेबानं सगळंच उशिरा. मला आणि माझ्या भावाला ती टोचायला आजी स्वतः घेऊन जायची, आईला जाऊ द्यायची नाही.

बाबांना फोनवर हे सांगावं की नाही, ह्यात बरेच दिवस गेले. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या जुन्या दुखण्यात हात घालू नये, असं नवऱ्याचं मत. मी घातला. नर्सबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, हृदय, विष, झोपेत गेलेली मुलं, सगळं.

"म्हणजे दारानं काही झालं नाही?"

"ठामपणे कुणी सांगू शकत नाही बाबा. उठल्यानं ताण पडला असेल. पण हृदय आधीच गेलेलं होतं."

बराच वेळ पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "हे आईला कुणी सांगायला हवं होतं गं."

मला वाटलं आता फोन ठेवतील. पण ते बोलतच सुटले. बेबी डावरी होती आणि सागरगोट्यांत सर्रास फसवायची. तिला आठचा पाढा यायचा नाही, सातचा म्हणून दाखवायची आणि मास्तरांच्या लक्षात यायचं नाही. श्रीखंडाच्या गोळ्यांसाठी तिनं बाबांकडून दोन आणे घेतले होते आणि मागितले की ओंकारेश्वराची शपथ घेऊन सांगायची, दिले. "दिले नव्हते," बाबा म्हणाले, "अजून येणं आहे."