न मागितलेला लार्ज

ताडोबाच्या जंगलाच्या मोहर्ली गेटजवळच्या एका रिसॉर्टचा बार मी सांभाळतो. चंद्रपूर जिल्ह्यातली 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठली, त्यानंतरचा हा बार. वेटर सगळे आसपासच्या गावचे, नोकरनामा, म्हणजे बारमध्ये काम करायचा एक्साइजचा परवाना, काढून घेतलेले. आता नुसत्या बायकांचे ग्रुपही सफारीला येतात. मालकीणबाई म्हणाल्या, "कुणाच्या ग्लासात कुणी काही टाकलं तर आपल्या पोट्ट्यांना कळलं पाहिजे." शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

गुंगीचं औषध म्हटलं की पोट्ट्यांना रेल्वेत बिस्किट देऊन लुटणारे आठवायचे, नाहीतर धोतऱ्याचं बी. "इथं कोन टाकते जी? मोठे मोठे लोक येतात," एक जण म्हणाला. म्हणून मी गोळ्या-पावडरींपासून सुरुवातच केली नाही. विचारलं, एखादा साहेब कानात सांगतो, 'मॅडमचा लार्ज कर, बोलू नको', आणि पाचशेची नोट सरकवतो. काय करता? सगळे हसले. दोघांनी तर केलं होतं म्हणून सांगितलं. मग हिशेब मांडला: 30 मिलीच्या जागी 60, असं तीनदा. बाईच्या मते तीन पेग झाले, पोटात गेले सहा. गोळीपेक्षा हाच प्रकार जास्त चालतो, आणि यात ओतणारा हात आपला असतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 123 वाचून दाखवलं: इजा किंवा गुन्हा करण्याच्या हेतूनं गुंगी वा नशा आणणारी वस्तू दिली तर 10 वर्षांपर्यंत कैद. मग कुणी हसलं नाही.

नियम फार नव्हते. जिचा ग्लास, ऑर्डर तिचीच. बाटली टेबलावरच उघडायची. कुणी उठून गेलं तर ग्लासवर झाकणी, आणि शंका आली तर पेग बदलून द्यायचा, तोही फुकट. फुकटवर मालकीणबाईंशी बरीच हुज्जत झाली. रंग, वास, चव यांवर भरवसा ठेवू नका, माणसाकडे बघा, हे मात्र वारंवार सांगावं लागलं. प्यायलीय थोडी आणि जीभ जड, तोल जातोय, अचानक झोप, काही आठवत नाही, असं दिसलं की मला हाक मारायची.

खरी अडचण पुढे होती. गिऱ्हाईक साहेब, आपण वेटर. त्याला अडवायचं कसं? सरावात मी साहेब व्हायचो, आवाज चढवायचो, पोट्टे मान खाली घालायचे. वाक्यं पाठ करून घेतली तरी ऐनवेळी तोंड उघडेना. शेवटी त्यांच्यातल्याच एकानं युक्ती काढली: "मॅडम, रिसेप्शनवर तुमची सही राहिली जी." बाई उठते, बाजूला येते, तिथं हाऊसकीपिंगच्या ताई थांबलेल्या असतात, एकटीला विचारतात. माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा हे सरस. उठताच येत नसेल तर ताईच टेबलापाशी जातात. 'मी सोडतो हिला' म्हणणाऱ्याच्या हवाली तर मुळीच करायचं नाही, मग तो नवरा म्हणवो की मित्र.

लिंबूपाण्यावरून मोठा वाद झाला. इकडे कुणाला जास्त झाली की लिंबू, ताक, नाहीतर बोटं घालून ओकारी. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला काही पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, हे पटवायला वेळ लागला. कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, 108 ला फोन करा. धोका वाटला तर 112. भांडी घासणाऱ्या मावशींनाही बसवलं, कारण संशयाचा ग्लास धुतला की संपलं. तो उरलेल्या पेयासकट झाकून कपाटात, कुलूप. सीसीटीव्हीची कॉपी त्याच रात्री. काही द्रव्यं बारा तासांनंतर लघवीतही सापडत नाहीत आणि चंद्रपूरचा सरकारी दवाखाना काही जवळ नाही, म्हणून सकाळची वाट बघायची नाही. तक्रार द्यायची की नाही, ते तिनं ठरवायचं.

एका रात्री सहीचा निरोप खरोखर द्यावा लागला. बाई दिवसभराच्या उन्हानं थकलेली निघाली, ग्लासात काही नव्हतं. सोबतचा साहेब भडकला, बिलावरून कटकट केली. मी वेटरला काही बोललो नाही. मालकीणबाईंनी त्याला शंभर रुपये दिले, तेव्हा इतरांनाही जरा धीर आला.

1 जुलैपासून कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, सफारीला बंद झालं की निम्मे पोट्टे भाताच्या रोवणीला गावी जातात. ऑक्टोबरात त्यातले किती परत येतील त्याचा नेम नसतो, म्हणून सहीची युक्ती काढणाऱ्यालाच आता नव्यांना शिकवायला लावलंय. सरावात साहेब तो माझ्यापेक्षा चांगला होतो.